कॅन्सल म्हणजे नकारच: भाडं आणि परवाने ठरवणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

टॅक्सीचं भाडं ठरवणाऱ्या, परवाने देणाऱ्या आणि अ‍ॅप कंपन्यांसाठी नियम लिहिणाऱ्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

नमस्कार.

तुम्ही कुठल्या शहरातले ते मी विचारत नाही, कारण शहर कुठलंही असलं तरी गेली दहा-बारा वर्षं तुमच्या टेबलावर एकच फाईल आहे, टॅक्सी विरुद्ध अ‍ॅप. टॅक्सीवाले येतात, निवेदन देतात, नाही ऐकलं तर चक्का जाम करतात. अ‍ॅपवाले येतात, लॅपटॉप उघडतात, रंगीत आलेख दाखवतात. तुम्ही दोघांचंही ऐकून घेता. आणि जी बाई रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी असते तिचं निवेदन काही येत नाही, कारण त्या वेळी ती गाडी शोधत असते. तर आज मी घरी निवांत बसले आहे म्हणून तिच्या वतीने लिहिते.

आधीच सांगते, मी कुठल्याच पार्टीची नाही. टॅक्सी मिळाली तर टॅक्सीने जाते, नाही मिळाली तर अ‍ॅप उघडते, कधी उलटं. मला पोचायचं असतं बस. तुमच्या फाईलमध्ये मात्र असं लिहिलेलं असतं की जुनं विरुद्ध नवं, रोजगार विरुद्ध तंत्रज्ञान, वगैरे वगैरे. आमच्यासाठी प्रश्न एकच आहे, की हा माणूस मला नेणार आहे का, आणि नेणार नसेल तर ते मला कधी कळणार.

एक रात्र सांगते. आईच्या पायाला प्लास्टर. दवाखान्यातून सोडता सोडता साडेनऊ झाले. दारात ती व्हीलचेअरवर, वॉर्डबॉय मागचं हँडल धरून उभा, त्याला खुर्ची वर परत न्यायची होती आणि तो बिचारा काही बोलत नव्हता पण दर मिनिटाला घड्याळ बघत होता. मी अ‍ॅप उघडलं, गाडी लगेच मिळाली, 4 मिनिटं. मी वॉर्डबॉयला म्हटलं आलीच बघ. फोन वाजला. "कुठं जायचंय मॅडम?" सांगितलं. "पेमेंट कॅश का ऑनलाइन?" ऑनलाइन. मग दोन सेकंद शांतता, आणि "येतो येतो". तो "येतो येतो" ऐकला ना की मला हल्ली लगेच कळतं. नकाशावरची ती छोटीशी गाडी जागची हलेना. 4 मिनिटं, 4 मिनिटं, मग 6, मग 9, मग तिने चक्क तोंड फिरवलं आणि दुसऱ्याच रस्त्याला लागली. फोन लावला तर उचलेना. शेवटी मेसेज आला, "प्लीज कॅन्सल करा". म्हणजे नाही त्याला म्हणायचंय आणि बटण मी दाबायचं! दाबलं. आणि कॅन्सलेशन चार्ज माझ्याकडून कापला. दुसऱ्या गाडीने आपण होऊन कॅन्सल केलं, एवढा तरी मोठेपणा. तिसऱ्यांदा बघितलं तर तेच अंतर, तोच रस्ता, आणि भाडं दीडपट. मागणी वाढली आहे म्हणे. मागणी म्हणजे मीच होते, तिसऱ्यांदा.

मग गेटबाहेरच्या स्टँडवर गेले. तीन टॅक्सी उभ्या. पहिल्याने मान सुद्धा वळवली नाही, नुसता हात हलवला. दुसऱ्याने विचारलं कुठं, आणि ऐकून म्हणाला जवळचं भाडं आहे ताई, एवढा वेळ लाईन लावून नाही परवडत. तिसरा म्हणाला मीटर नाही टाकणार, एवढे होतील. ते एवढे अ‍ॅपच्या दीडपटीपेक्षाही जास्त होते पण मी हो म्हटलं, वॉर्डबॉयने आणि त्या ड्रायव्हरने मिळून आईला हळू आत बसवलं, पाय आडवा ठेवायला त्याने पुढची सीट सरकवून दिली. घरी पोचताना आई म्हणाली, महाग होता पण तोंडावर तरी बोलला.

हे पत्र त्या वाक्यावरून लिहावंसं वाटलं.

तुमच्याकडे भाडं नाकारण्याविरुद्ध नियम असतो. बहुतेक शहरांत या ना त्या स्वरूपात असतोच, आणि तो काल-परवाचा नाही. लंडनच्या ब्लॅक कॅबचं उदाहरण घ्या, तिथे दिवा लावून फिरणाऱ्या कॅबने प्रवासी घ्यायचं ठरवलं की 12 मैलांपर्यंतचं भाडं योग्य कारणाशिवाय नाकारता येत नाही, हीथ्रो विमानतळावरून 20 मैल. जवळचं आहे, लांबचं आहे, तिकडून रिकामी यावं लागतं, ही कारणं चालत नाहीत. आणि या नियमाची मुळं घोडागाडीच्या काळातल्या कायद्यात आहेत, म्हणजे मोटार यायच्या आधीपासून लोकांना हा त्रास होता आणि तुमच्यासारख्याच कुठल्या तरी साहेबांनी तो ओळखला होता.

मीटरचंही तेच. 1891 साली जर्मनीत फ्रीड्रिश विल्हेल्म गुस्ताव ब्रून या गृहस्थांनी टॅक्सीमीटर बनवला आणि त्या मीटरवरूनच गाडीला टॅक्सी नाव पडलं. गाडीचं नाव भाडं मोजणाऱ्या डब्यावरून पडलं, याचाच अर्थ लोकांना गाडीपेक्षा त्या डब्याचं महत्त्व जास्त होतं. घासाघीस नको, जे मीटर सांगेल ते. सौदा सरळ होता, रस्त्यावरून प्रवासी उचलायचा हक्क फक्त टॅक्सीवाल्यांचा, आणि त्या बदल्यात मीटरने न्यायचं आणि नाही म्हणायचं नाही. हक्क सगळ्यांनी जपला, बदल्यातलं मात्र हळूहळू विसरले. मीटर कपड्याने झाकलेला, नाहीतर बंद, नाहीतर इतका पळणारा की बसल्या जागी घाम फुटावा. नवख्या माणसाला तर स्टेशनबाहेर लांबूनच ओळखतात.

आणि तुम्ही काय केलंत, तर परवाने मोजकेच ठेवलेत. न्यूयॉर्कची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. 1937 च्या कायद्याने तिथे टॅक्सीच्या परवान्यांची, ज्याला ते मेडॅलियन म्हणतात, संख्या बांधून टाकली. शहर वाढलं, संख्या त्या मानाने जेमतेम, मग 2014 च्या आसपास एकेका मेडॅलियनची किंमत 10 लाख डॉलरच्या वर गेली. एक पत्र्याचा बिल्ला! तो ज्यांनी कर्ज काढून घेतला त्यात बरेच स्वतः गाडी चालवणारे होते, आणि नंतर अ‍ॅपच्या गाड्या हजारोंनी आल्यावर ती किंमत कोसळली तेव्हा कर्ज तसंच राहिलं. 2021 मध्ये उपोषणाला बसल्यावर त्यांना कर्जात सूट मिळाली. यात प्रवाशाचा दोष काय होता आणि ड्रायव्हरचा काय होता, हे कोणी तरी मला समजवा.

तर अशा वेळी अ‍ॅप आलं. उबरची स्वतःची गोष्टच अशी आहे की 2008 मध्ये पॅरिसला तिचे संस्थापक ट्रॅव्हिस कॅलनिक आणि गॅरेट कॅम्प यांना टॅक्सी मिळेना आणि तिथून कल्पना सुचली, मग 2009 मध्ये कंपनी, 2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गाड्या. गोष्ट थोडी सजवलेली असेल पण आपल्याला पटते, कारण आपणही असेच उभे राहिलेलो असतो.

आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मला ते स्वर्ग वाटलं. भाडं आधीच दिसतंय, गाडीचा नंबर दिसतोय, ड्रायव्हरचं नाव दिसतंय, मी कुठे आहे ते घरच्यांना फोनवर दिसतंय. अनोळखी शहरात रात्री अकराला उतरणाऱ्या एकट्या बाईसाठी ही किती मोठी गोष्ट आहे हे टॅक्सी युनियनच्या नेत्यांना अजूनही कळलेलं नाही, त्यांना वाटतं आम्ही फक्त स्वस्ताला भुललो. सुट्टे नाहीत म्हणून भांडण नाही, रस्ता कुठून घेऊ म्हणून आपलं अज्ञान उघडं पडत नाही. (लंडनला टॅक्सी चालवायची तर चेरिंग क्रॉसपासून 6 मैलांच्या आतले सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात, त्या परीक्षेला नावच द नॉलेज आहे, पास व्हायला वर्षानुवर्षं जातात, आणि 2000 साली एका संशोधनात तर त्या ड्रायव्हरांच्या मेंदूतला जागा लक्षात ठेवणारा एक भाग इतरांपेक्षा मोठा दिसला होता. मला त्या लोकांबद्दल प्रचंड आदर आहे. पण बाकी ठिकाणी "रस्ता तुम्हीच सांगा" ऐकत मोठे झालेल्यांना जीपीएस म्हणजे देवच वाटणार.)

मग बिघडलं कुठे? बिघडलं ते तुमच्या नियमाच्या वहीत. टॅक्सीवाल्याने खिडकीतून मान हलवली तर तो नकार, त्याला दंड, त्याची तक्रार करता येते. अ‍ॅपवाल्याने तेच बोटाने केलं तर त्याचं नाव कॅन्सल, आणि ती कंपनीची आतली बाब. अहो, माझ्यासाठी दोन्हीत फरक इतकाच की टॅक्सीवाला दोन सेकंदांत नाही म्हणतो आणि अ‍ॅपवाला आधी हो म्हणून पंधरा मिनिटांनी. पंधरा मिनिटं मी दुसरी गाडी शोधत नाही, समोरून रिकामी टॅक्सी गेली तरी हात करत नाही, कारण माझी गाडी "येतेय".

आता ड्रायव्हर असं का करतो तेही मी विचारून बघितलं आहे, गाडीत बसल्यावर वेळ असतोच. कित्येक अ‍ॅपमध्ये प्रवासी गाडीत बसेपर्यंत ड्रायव्हरला जायचं कुठे ते दाखवतच नाहीत, किंवा फार उशिरा दाखवतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 2021 ला उबरच्या ड्रायव्हरांना कामगार मानलं, त्या निकालात ही गोष्ट आलेली आहे, की भाडं कंपनी ठरवते, ड्रायव्हरला ठिकाण आधी कळत नाही, आणि जास्त वेळा नाकारलं तर अ‍ॅप त्याला काही वेळ बाहेर काढतं. कंपनीने ठिकाण लपवलं ते आमच्या भल्यासाठी, म्हणजे जवळचं भाडं नाकारू नये म्हणून, हेतू चांगला. पण ड्रायव्हरने काय केलं, तर फोन उचलला आणि आम्हालाच विचारलं. झालं, लपवलेलं उघडं पडलं, आणि नकाराचा काळा डाग आपल्या नावावर नको म्हणून बटण प्रवाशाला दाबायला लावलं. नियम केला की त्याची पळवाट दुसऱ्या दिवशी तयार.

आणि त्याचा हिशोब ऐकला तर राग पण धड येत नाही. एक ड्रायव्हर मला म्हणाला, ताई, तुमच्यापर्यंत यायला तीन किलोमीटर रिकामा आलो, त्याचं कोण देतं? तुमचं भाडं दोन किलोमीटरचं. त्यातून कमिशन जाणार. ऑनलाइनचे पैसे हातात कधी पडतील ते मशीन ठरवणार, आणि पेट्रोल पंपावर मला आत्ता पैसे लागतात. यात चूक काय आहे? त्याच्या जागी मी असते तर मी सुद्धा फोन करून कॅश का ऑनलाइन विचारलं असतं, फक्त "येतो येतो" म्हटलं नसतं, असं मला वाटतं. कदाचित म्हटलंही असतं.

कंपनीचं मात्र वेगळं आहे. तिला माणूस लागत नाही, मागणी लागते. डिसेंबर 2014 मध्ये सिडनीच्या मध्यवस्तीत एका कॅफेत बंदूकधाऱ्याने लोकांना ओलीस धरलं, लोक तिथून पळत होते आणि अ‍ॅपला फक्त एवढं कळलं की या भागात एकदम गाड्या मागतायत, दर चढले. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने तिथून निघणाऱ्यांना फुकट सोडलं आणि आधीचे पैसेही परत केले. मशीनला लाज नसते हो, ती तुम्ही नियमात लिहून द्यावी लागते. मीटरमध्ये ती आधीपासून होती, पाऊस असो, दंगल असो, आकडा तोच.

आणि स्वस्ताईचं म्हणाल तर ती दुसऱ्याच्या खिशातून होती. गुंतवणूकदारांचे पैसे जाळून आम्हाला सवय लावली. समोर कोणी उरलं नाही की काय होतं ते सिंगापूरने मोजून दाखवलंय. मार्च 2018 मध्ये उबरने आग्नेय आशियातला धंदा ग्रॅब या तिथल्या प्रतिस्पर्धी अ‍ॅप कंपनीला विकला, सिंगापूरच्या स्पर्धा आयोगाने चौकशी केली, प्रत्यक्ष भाडी 10 ते 15 टक्के वाढली असं त्यांना आढळलं आणि सप्टेंबरमध्ये दोन्ही कंपन्यांना मिळून सुमारे 1.3 कोटी सिंगापूर डॉलरचा दंड केला. म्हणून म्हणते टॅक्सी मरू देऊ नका. मला तिच्याबद्दल फार प्रेम आहे अशातला भाग नाही, पण ती रस्त्यावर आहे तोवर अ‍ॅपला कोणी तरी आरसा दाखवणारं आहे. आणि आईच्या वयाच्या बाईने, जिला स्मार्टफोन जमत नाही, किंवा माझ्यासारखीने जिच्या फोनची बॅटरी नेमकी 2 टक्के असते, हात दाखवून थांबवायचं कोणाला?

तुम्ही काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कने 2018 मध्ये अ‍ॅपच्या गाड्यांची संख्या रोखली आणि ड्रायव्हरांना किमान मोबदला ठरवून दिला. डेन्मार्कने अ‍ॅपच्या गाडीलाही मीटर हवा म्हटलं तर 2017 मध्ये उबर तिथून निघूनच गेली, म्हणजे ताणायचं कुठपर्यंत हाही प्रश्न आहेच. भारतात केंद्राच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे की होकार दिल्यावर योग्य कारणाशिवाय कॅन्सल केलं तर भाड्याच्या 10 टक्के दंड, ड्रायव्हरलाही आणि प्रवाशालाही. कागदावर बरोब्बर. पण आमच्या "येतो येतो" प्रकरणात कॅन्सलचं बटण दाबलं कोणी? मी. मग 10 टक्के कोणाचे जाणार? त्या दंडाला वरची रात्र लावून बघा, म्हणजे कळेल नियम कुठे गळतो.

माझं मागणं फार नाही. होकार ड्रायव्हरचा धरू नका, कंपनीचा धरा. तिने मला 4 मिनिटं म्हणून सांगितलं आणि भाडं दाखवलं ना, मग तो ड्रायव्हर नाही आला तर त्याच भाड्यात दुसरी गाडी पाठवायची जबाबदारी तिची, दीडपट मला दाखवायचं नाही. ड्रायव्हरला दंड करून काही होत नाही, तो पुढच्या वेळी आणखी गोड बोलेल. उलट त्याला ठिकाण आधी दाखवा आणि त्याच वेळी नाही म्हणू द्या, मला काही वाटणार नाही, माझ्या स्क्रीनवर फक्त गाडी शोधतोय एवढंच दिसेल. पण एकदा हो म्हटलं की हो. आणि माझ्यापर्यंत रिकामं येण्याचे पैसे त्याला मिळू देत, ते भाड्यात आधीच दाखवा, मी देईन. खरंच देईन. पंधरा मिनिटं नकाशाकडे बघत बसण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

टॅक्सीवाल्यांचं मीटरचं भाडं वेळेवर वाढवत जा, चार-चार वर्षं फाईल दाबून ठेवायची आणि मग मीटर का टाकत नाही म्हणून त्यांना पकडायचं हे काही बरं नाही. त्यांना अ‍ॅपवर यायचं तर येऊ द्या, न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सी 2022 पासून उबरच्या अ‍ॅपवर मिळायची सोय झालीच ना, शत्रुत्व वगैरे सगळं धंद्यापुढे विरघळतं. पण स्टँडवर उभ्या राहिलेल्याने न्यायचंच, हा जुना नियम मात्र जिवंत ठेवा आणि त्याची तक्रार करायला मला तीन पानांचा फॉर्म भरायला लावू नका.

आणि एक शेवटचं, हे तुम्हाला उद्या सकाळी सुद्धा करता येईल, कायदा वगैरे काही बदलायला नको. कॅन्सल करताना अ‍ॅप मला कारण विचारतं. यादी येते, प्लॅन बदलला, चुकीचा पत्ता टाकला, थांबायला वेळ नाही, आणि बऱ्याच अ‍ॅपमध्ये त्यात कुठे तरी एक ओळ असते, "ड्रायव्हरने कॅन्सल करायला सांगितलं". म्हणजे कंपनीला हे माहीत आहे. ती ओळ दिवसातून किती वेळा, कुठल्या भागात, किती वाजता दाबली जाते तो सगळा आकडा त्यांच्याकडे रोज जमा होतोय. पुढच्या बैठकीत ते आलेखवाले आले की बाकी काही विचारू नका, तेवढा एक आकडा मागा.

आपली,
एक प्रवासी